क्ष म्हणजे काय ते आधी लिही

माझा धाकटा भाऊ अंगाने दाराएवढा आहे, पण घरात त्याला अजून बारक्याच म्हणतात. शहराच्या कडेला पाणी शुद्ध करायचं केंद्र आहे, तिथे तो मदतनीस म्हणून रात्रपाळी करतो. तुरटीची पोती फोडायची, गाळणीचे हौद धुवायचे, यंत्रं सांभाळणारा चालक सांगेल तो व्हॉल्व्ह फिरवायचा. चालक व्हायचं तर खात्याची परीक्षा द्यावी लागते आणि त्या परीक्षेत गणिताचा एक पेपर असतो. त्या पेपरात तो दर वेळी आपटत आला होता. वयाची अट बघता आता ही शेवटची खेप होती, आणि मी पडले शाळेत गणित शिकवणारी. त्यामुळे ते लोढणं माझ्या गळ्यात आलं.

बहिणीच्या मायेचा आव मी आणत नाही. तो पास व्हायला हवा होता तो मला, माझ्यासाठी. चालकाला केंद्राच्या आवारात तळमजल्यावर घर मिळतं. आत्ता बारक्या आणि भावजय राहतात तिसऱ्या मजल्यावर. जिना इतका अरुंद की कपाट खिडकीतून दोर लावून चढवलेलं. आणि आमच्या बाबांचं उजवं अंग गेलेलं. तेव्हा बारक्या पास झाला की बाबा त्याच्याकडे, नाही झाला की आहेत तसे माझ्याकडेच. हे आमचं दोघांचं ठरलेलं गणित होतं.

बाबा माझ्याकडे म्हणजे काय, ते एकदा सांगून टाकते. सकाळी उजाडायच्या आत उठून त्यांना कुशीवर वळवायचं, पुसायचं, चादर बदलायची, चमच्याने भरवायचं, खुर्चीत बसवून खिडकीशी लावायचं. मग शाळा. मधल्या सुट्टीत बाकीचे शिक्षक डबे उघडतात तेव्हा मी पर्स छातीशी धरून घराकडे पळते. पुन्हा पुसायचं, भरवायचं, पुन्हा पळत शाळा. मुलांनी माझं नाव ‘एक्सप्रेस’ ठेवलंय, ते मला ठाऊक आहे. समोरच्या आजी अधूनमधून डोकावतात, पण त्यांना स्वतःलाच हात धरायला कुणी लागतं. संध्याकाळी पुन्हा तेच. मी लग्न केलं नाही, त्यामुळे मला वेळच वेळ असतो असा सगळ्या नातेवाइकांचा समज आहे.

बाबा त्रास देत नाहीत, हे खरं सांगायला हवं. आयुष्यभर त्यांनी बस चालवली. आमच्या तळमजल्याच्या खिडकीसमोर बसथांबा आहे आणि तीच त्यांची करमणूक. जिभेला जडपणा आलाय, पण कुठला ड्रायव्हर क्लचवर पाय ठेवून गाडी चालवतो ते त्यांना आवाजावरून कळतं आणि ते ‘च्च’ करतात. काही जुने ड्रायव्हर त्यांना बघून हॉर्न देतात. मग बाबा डावा हात गजांतून बाहेर काढून त्यांना पुढे जायची खूण करतात. जणू त्यांनी परवानगी दिल्याशिवाय गाडी हलणारच नव्हती.

तर शिकवणी सुरू झाली. बारक्या पाळीला जायच्या आधी, संध्याकाळी, बाबांच्या खाटेशेजारी स्टूल ओढून बसायचा. आकडेमोड त्याची कच्ची होतीच, पण तिचं एक वेळ जमलं असतं. घोडं अडायचं ते शाब्दिक उदाहरणापाशी. बारक्या ते उदाहरण सोडवायचा नाही, त्याच्याशी भांडायचा.

“एका नळाने टाकी भरते आणि दुसऱ्या नळाने रिकामी होते,” मी वाचलं.

“कोण चालक आहे तिथे?”

“बारक्या.”

“नाही, सांग ना. इनलेट चालू ठेवून खाली ड्रेन उघडा सोडलाय. असं आमच्याकडे कुणी केलं तर त्याला घरी पाठवतील. आधी खालचा व्हॉल्व्ह बंद करा, मग गणितं घाला.”

बाबा हसले. त्यांचं हसू आता तोंडाच्या एकाच बाजूने येतं. मला मात्र हसू येत नव्हतं. माझ्यासमोर शाळेचे पेपर तपासायचे पडले होते, आणि अंगात एवढा शीण होता की समोरचा माणूस श्वास घेतो याचासुद्धा राग यावा.

आणि त्याची ती एक चूक. ती तो नेमाने, इमानाने, रोज करायचा. मी त्याच्याच कामातलं उदाहरण करून दिलं, म्हटलं निदान माणसं तरी ओळखीची वाटतील. ‘एका केंद्रात मदतनीस हे चालकांच्या चौपट आहेत.’ मदतनिसांना म, चालकांना च. मांड समीकरण.

त्याने लिहिलं: ४म = च.

“काय लिहिलंस?”

“चार मदतनीस, एक चालक. चौपट. बरोबर आहे की.”

“चालक दोन असले तर मदतनीस किती?”

“आठ.”

“घाल आता तुझ्या समीकरणात. चार गुणिले आठ बरोबर दोन?”

त्याने डोकं खाजवलं. “बत्तीस बरोबर दोन. नाही जमत. पण जास्त मदतनीस आहेत ना? मग चार त्यांच्या बाजूला नको?”

“आधीच जास्त आहेत त्यांनाच आणखी चौपट कशाला करतोस? कमी आहेत त्यांना चारने गुण, तेव्हा कुठे दोन्ही बाजू बरोबर होतील. म बरोबर चार च.”

“हां,” तो म्हणाला. तो ‘हां’ मी वर्गात वर्षानुवर्षं ऐकत आले आहे. त्याचा अर्थ, काही कळलं नाही पण बाई आता गप्प बसा.

मग मला नेमकं कुठे पाणी मुरतंय ते कळलं. म म्हटलं की त्याच्या डोळ्यांपुढे मदतनीस उभा राहायचा. हाडामांसाचा, तुरटीने हात फुटलेला. ४म म्हणजे असे चार जण आणि त्यांच्यापुढे खुर्चीत एक चालक. तो समीकरण लिहीतच नव्हता, फोटो काढत होता. मी कागद पालथा घातला आणि म्हटलं, “हे बघ. म म्हणजे मदतनीस नाही. म म्हणजे मदतनिसांची संख्या. अक्षर माणसासाठी नसतं, आकड्यासाठी असतं. माणूस समीकरणात मावत नाही. त्याचं वय मावतं, वजन मावतं, त्याच्या कामाचे तास मावतात. म्हणून आधी शब्दांत लिहायचं, की क्ष म्हणजे काय. ती ओळ लिहिल्याशिवाय पुढे पेन चालवायचं नाही.”

“माणूस मावत नाही,” त्याने पाठ केल्यासारखं म्हटलं.

“आज एवढंच कळलं तरी पुष्कळ.”

दुसऱ्या दिवशी वयाचं उदाहरण घेतलं. बापाचं वय मुलाच्या तिप्पट. बारा वर्षांनी ते दुप्पट होईल. तर आज कोण किती वर्षांचा? बारक्याने इमानदारीत पहिली ओळ लिहिली: ‘क्ष म्हणजे मुलाचं आजचं वय.’ मला बरं वाटलं. बापाचं वय ३क्ष, तेही बरोबर. मग त्याने बापाच्या वयात बारा मिळवले आणि मुलाला तसंच ठेवलं. ३क्ष + १२ = २क्ष. उत्तर आलं उणे बारा.

“मुलगा उणे बारा वर्षांचा,” मी म्हटलं. “म्हणजे अजून बारा वर्षांनी जन्माला येणार. अभिनंदन.”

तो आधी हसला, मग त्याने पुन्हा पाहिलं. “बारा वर्षं बापाचीच गेली.”

“आणि मुलगा काय करत होता? वर्षं दोघांचीही जातात, बारक्या. मुलाच्या वयातही बारा मिळव, आणि कंस घालून मग दुप्पट कर.”

त्याने मिळवले, कंस घातला. मुलगा बारा, बाप छत्तीस. पडताळाही करून पाहिला. त्याने वर पाहिलं तेव्हा त्याची नजर माझ्याकडे नव्हती, बाबांकडे होती. बाबा खिडकीकडे बघत होते. शेवटची भरलेली बस सुटत होती आणि ड्रायव्हर क्लच दाबून धरत होता, पण बाबांनी त्या दिवशी ‘च्च’ केलं नाही.

परीक्षेच्या आधी मी बाबांना एकदा विचारलं होतं. विचारलं म्हणजे सांगितलंच. “बारक्याला घर मिळालं की तिकडे जाल ना? तळमजला आहे, मोकळी हवा आहे, मोठे पाण्याचे हौद आहेत.” बाबा म्हणाले, “जाईन.” जादा पाळी लागली की डेपोवरच्या साहेबाला ते याच आवाजात ‘जाईन’ म्हणायचे. मला तो आवाज ओळखू आला आणि मी तो न ओळखल्यासारखं करून पेज ढवळत राहिले. मला सुटका हवी होती. दमलेल्या माणसाचे कान फार सोयीचे होतात.

बारक्याने एकदोनदा म्हणूनही पाहिलं होतं, “ताई, मी सकाळी सुटतो तेव्हा येऊन जात जाऊ का?” तेव्हा मीच झिडकारलं होतं. “येऊन-जाऊन काय होणार? पास हो आणि एकदाच काय ते घेऊन जा.” रात्रभर जागलेला माणूस माझ्या घरात येऊन पेंगणार आणि त्यालाही चहा मीच करून देणार, हे चित्र मला दिसत होतं. मग त्याने तो विषय सोडला आणि कागदात डोकं घालून चौपटी आणि तिपटी मांडत राहिला.

निकालाच्या दिवशी तो पाळीला जायच्या वाटेवर आला. दारातच उभा राहिला. एरवी तो आत येताना चौकटीखाली डोकं वाकवतो. त्या दिवशी तो चौकटीच्या बाहेरच थांबला, आणि मला काय ते समजलं.

“नापास,” तो म्हणाला.

“किती वाईट?”

“थोडक्यात. मांडणी सगळी बरोबर होती, ताई. खरंच. प्रत्येक ठिकाणी क्ष म्हणजे काय ते लिहिलं होतं. आकडेमोडीत गेलं. सात आठे चोपन्न लिहून बसलो.”

मी हातातला टॉवेल जमिनीवर आपटला. मला त्याचं सांत्वन करायला हवं होतं, हे मला तेव्हाही कळत होतं. पण तोंडातून भलतंच निघालं. “सात आठे चोपन्न! पोरंसुद्धा चुकत नाहीत रे. म्हणजे आता हे माझ्याच नशिबी. मी मरेपर्यंत, नाहीतर ते मरेपर्यंत.”

बाबा खुर्चीत होते. दाराकडे त्यांची पाठ होती. कान मात्र त्यांचे शाबूत आहेत, हे मी वर सांगितलंच आहे.

बारक्याने वाकून टॉवेल उचलला, घडी केली, खाटेच्या दांडीवर ठेवला आणि पाळीला गेला. मी बाबांना भरवायला घेतलं तर त्यांनी ओठ मिटून घेतले. रागाने नाही. लहान मूल भूक नाही म्हणतं तसे, अगदी शहाण्यासारखे. मला वाटलं, आता ते कमी खाणार, कमी पिणार, कमीत कमी काम पडेल असं वागणार. मला रडू आलं, आणि रडायलाही त्राण नव्हतं म्हणून ते तिथेच थांबलं.

सकाळी मी चादर बदलत असताना दार वाजलं. बारक्या होता, पाळीवरून थेट आलेला. पँट गुडघ्यापर्यंत ओली, बाहीवर तुरटीचा पांढरा थर. हातात डबा आणि डब्याखाली एक कागद.

“हा बघ,” त्याने कागद पुढे केला. “तपास.”

“मला शाळेला उशीर होतोय.”

“तपास तर. तुझ्याच पद्धतीने केलंय.”

कागद केंद्रातल्या कसल्याशा तक्त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूचा होता. पहिली ओळ ठसठशीत: ‘क्ष म्हणजे बाबा नाही.’ त्याखाली: ‘क्ष म्हणजे बाबांच्या कामाचे रोजचे तास, जे बारक्याने करायचे.’ आणि मग समीकरण. एका बाजूला ताईची शाळा आणि बाबांचे उरलेले तास, दुसऱ्या बाजूला बारक्याची पाळी आणि क्ष. मध्ये बरोबरचं चिन्ह, दोनदा गिरवलेलं.

मी उभ्या उभ्याच वाचत राहिले. त्याला दम धरवला नाही.

“आपण दोघं काय करत होतो माहितेय, ताई? आपण बाबांनाच क्ष धरून बसलो होतो. अख्खेच्या अख्खे बाबा. इकडे नाहीतर तिकडे. मग घर पाहिजे, तळमजला पाहिजे, परीक्षा पाहिजे. तूच म्हणालीस ना, माणूस मावत नाही, त्याच्या कामाचे तास मावतात? मग तास हलवू. बाबांना कशाला हलवायचं? त्यांची खिडकी आहे इथे.”

“खिडकी,” बाबा खाटेवरून म्हणाले. एवढा स्पष्ट शब्द त्यांच्या तोंडून बऱ्याच दिवसांत आला नव्हता. “खिडकी... बरी.”

मी कागदाकडेच बघत राहिले, कारण वर बघायची सोय नव्हती. मास्तरकीची खोड वाईट. डोळे भरलेले असतानाही मला चूक दिसली. “हे उत्तर बरोबर नाही येत. तू सकाळी सुटणार, दुपारपर्यंत इथे थांबणार, रात्री पुन्हा पाळी. तुझी झोप कुठे धरलीयेस?”

“बाबा दुपारचे डुलक्या घेतात तेव्हा घेईन मीही. उरलेली घरी.”

“ती पुरेल? मांडलीस कुठे यात?”

“ती आकडेमोड झाली,” बारक्या म्हणाला. “तिथे मी चुकतोच.”

मी म्हटलं असतं की असं चालत नाही, माझ्या वर्गात असा पेपर मी परत दिला असता. पण तोवर त्याने बाहीवरची तुरटी झटकली होती, बेसिनवर हात घासले होते, आणि बाबांच्या खांद्याखाली हात घालून त्यांना उचललं होतं. मला बाबांना खुर्चीत बसवायला कंबर धरून तीन-चार हिसके द्यावे लागतात. त्याने एखादी भरलेली बादली हलवावी तसं, न सांडता, त्यांना खिडकीशी नेऊन ठेवलं. “तू जा,” तो पाठमोराच म्हणाला. “पेज कुठे आहे तेवढं सांगून जा. आणि मला चहा नको. मी डब्यातून आणलाय.”

मी शाळेत गेले. वेळेच्या आधी पोचले तर शिपायाने माझ्याकडे बघून घड्याळाकडे पाहिलं. पहिल्या तासाला मी काय शिकवलं ते मला आठवत नाही. मधली सुट्टी झाली, घंटा वाजली, आणि मी सवयीने पर्स छातीशी धरून पळत सुटले. मागून कुणीतरी ‘एक्सप्रेस’ म्हणालं. रस्ता ओलांडला, कोपरा वळले, थांब्यापाशी आले तेव्हा धाप लागली होती, आणि तेव्हा कुठे डोक्यात आलं की आज पळायचं कारण नाही. तरी पाय घराकडेच निघाले होते. म्हटलं, आलेच आहे तर बघून जाऊ.

खिडकीतून आत पाहिलं. बारक्या खाटेशेजारी जमिनीवर आडवा झाला होता, एवढा लांब की पाय स्वयंपाकघरात गेले होते. तोंड उघडं. घोरण्याचा आवाज रस्त्यापर्यंत येत होता. त्याच्या अंगावर बाबांची चादर होती. एका हाताने ती कशी ओढून घातली असेल ते बाबाच जाणोत. बाबा खुर्चीत बसले होते. मांडीवर वाटी होती, रिकामी.

त्यांनी मला पाहिलं. माझी पर्स, माझी धाप, सगळं पाहिलं. मी दाराकडे वळले तेव्हा त्यांनी मान हलवली, नाही अशी. मग डावा हात गजांतून बाहेर काढला आणि मागची गाडी पुढे सोडताना ड्रायव्हर करतात तशी खूण केली. मी तरी उभीच होते. त्यांनी पुन्हा केली, जरा चिडून. पुढे जा.

मी वळले आणि चालत शाळेत परत गेले. सुट्टी संपायला अजून अवकाश होता.